झाडूसाहेबांची नोटीस

ठण्ण्ण... मांजरीनं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण पाडलं. ते फरशीवर आधी सावकाश, मग घाईघाईनं गोल गोल फिरलं आणि एकदम गप्प झालं.

फरहा की-बोर्डवर बोटं तशीच ठेवून श्वास रोखून बसली. पलंगावर साडेचार वर्षांची आफ्रीन या कुशीवरून त्या कुशीवर वळली, काहीतरी पुटपुटली आणि परत झोपली. फरहानं श्वास सोडला आणि मांजरीकडे असं पाहिलं की मांजर दूध न पिताच निघून गेली.

ब्रह्मपुरीत त्या वर्षी रोज चार तास वीज जायची. कधी बारा ते चार, कधी दोन ते सहा. आफ्रीनच्या झोपेचंही तसंच, तिचं वेळापत्रकही वीजमंडळासारखं. त्यातून फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. तेव्हा वीज आहे, पोर झोपली आहे आणि सासूबाई खुर्शीदा आपल्या बहिणीशी फोनवर बोलत नाहीत, असा तिहेरी योग ग्रहणासारखा कधीमधीच यायचा. आला की फरहाला तास-दीड तास मिळे. मोडेम चालू होताना केवढ्यानं किंचाळतो! म्हणून तो आफ्रीनच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून कोपऱ्यात निजवलेला असे. घरी आलेली प्रत्येक बाई त्या गाठोड्याकडे पाहून हळूच विचारी, "दुसरं कधी झालं वो?"

तो चोरलेला तास कोसाचा होता.

कोसा म्हणजे मराठी टाइप करायचा, पत्रिका-पोस्टरं जुळवायचा प्रोग्राम. चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकताना फरहानं, धनराजनं आणि आणखी दोघांनी तो लिहायला घेतला. कोणीही फुकट न्यावा, वाटलं तर आत हात घालून दुरुस्त करावा आणि कुठं अडलं तर इंटरनेटवरच्या तक्रारवहीत लिहून कळवावं, असा सगळा उघड्या दाराचा कारभार. वापरून पाहायला एक छापखाना हवा होता, तो मिळाला बसस्टँडमागचा मुश्ताक प्रिंटिंग प्रेस. खिळे जुळवण्यात उभा जन्म गेलेल्या मुश्ताकभाईंनी त्या चौघांतल्या फक्त फरहाशी तासभर वाद घातला, दोन ओळींत किती जागा सोडावी यावर. मग घरी जाऊन बायकोला म्हणाले, "मुजफ्फरसाठी पोरगी सापडली. भांडते, पण मुद्द्यावर भांडते."

अशी फरहा त्या घरात आली. त्यालाही आता सहा वर्षं झाली. कोसाच्या चौघांतले दोघं कधीच गळाले. धनराज पुण्यात नोकरीला लागला. मुश्ताकभाई मागच्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेले. घर, छापखाना, पोर हे सगळं सगळ्यांचं होतं. कोसा तेवढा फरहाचा होता.

आणि आता तोच बंद पडायला आला होता.

धनराजनं फोनवर सरळच सांगितलं होतं. "इथली एक संस्था कॉम्प्युटर क्लासांना वाटायला फुकट प्रोग्रामांची सीडी काढून राह्यली. कोसा घ्यायला तयार आहे. पण तक्रारवहीत पन्नासहून कमी उघड्या तक्रारी पाह्यजे. महिनाअखेरपर्यंत."

"आज किती आहेत?"

"दोनशे चौदा."

"अन् नाई जमलं तं?"

"तं पाटी उतरवू, फरहा. दोघंच उरलो आपण. त्यातला मी तं नुसता नावाले आहो."

एवढं बोलून त्यानं उपायही पाठवला होता. एक एवढासा प्रोग्राम, नाव ठेवलं झाडू. ज्या तक्रारीवर नव्वद दिवस कोणी बोललं नाही, तिथं झाडू आपणहून एक मजकूर लिहिणार, तक्रारदाराला ईमेल धाडणार, चौदा दिवस वाट पाहणार आणि उत्तर नाही आलं की तक्रार बंद करून मोकळा. जगभर असंच करतात, धनराज म्हणाला.

झाडू सोडायच्या आधी फरहानं वही एकदा वरपासून खालपर्यंत चाळली. एकशे बावन्न: "प्रिंटर गरम होते. उपाय सुचवावा." एकशे तीस: "कोसा चालू केला की पंखा हळू फिरते." एक्केचाळीस: "नाटकाच्या पोस्टरवर खलनायकाचं नाव नायिकेच्या पदरावर जाऊन बसते, कंपनीत भांडणं होऊन राह्यले." सतरा: "काही त्रास नाही. इकडे सर्व ठीक आहे. कळावे." हीसुद्धा तीन वर्षं उघडी होती. आणि शहाण्णव: "पांढरी शेळी, डाव्या कानाले चीर, बुधवारपासून दिसत नाही." वहीच्या वर कोसावाल्यांनीच लिहून ठेवलं होतं, 'आपली अडचण इथे लिहा.' माणसानं आपली अडचण लिहिली होती.

क्रमांक तीनवर मात्र ती थांबली नाही. तीन कोणाची ते तिला माहीत होतं. ती उघडायची तिनं दीड वर्ष टाळली होती.

तिनं झाडू सोडला. इतक्यात आफ्रीन उठून बसली. डोळे पुरते उघडायच्या आधी तिचा सवाल तयार असे. "अम्मी, वाघ पाणी पिते तेव्हा त्याच्या मिश्या ओल्या होते का?"

"उद्या सांगते हं."

"पालीच्या सवालाले तू काल उद्या म्हणली होती."

"तोही उद्या."

*

झाडूनं एका दमात दोनशे तीन नोटिसा काढल्या. मजकूर धनराजचा, सुरुवातीला ज्याचं त्याचं नाव: "आपल्या तक्रारीवर नव्वद दिवसांत कोणतीही हालचाल झालेली नाही. अजून त्रास आहे का? चौदा दिवसांत आपले उत्तर न आल्यास ती बंद करण्यात येईल. — झाडू."

पुण्याबंगलोरात बसलेल्या माणसाला हे वाचून काही वाटलं नसतं. पण 'चौदा दिवसांत' आणि 'बंद करण्यात येईल' हे शब्द आपल्या मुलखात माणूस कुठं वाचतो? विजेच्या नोटिशीत वाचतो, नळाच्या नोटिशीत वाचतो. अशा नोटिशीला घरबसल्या उत्तर देण्याइतकं वेडं झाडीपट्टीत कोणी नाही. नोटीस आली की माणूस कागदपत्रं घेतो, धुतलेला सदरा घालतो आणि साहेबाला भेटायला जातो. आणि साहेबाचा पत्ता कोसाच्या पहिल्याच खिडकीत होता. धनराजनंच कधीकाळी हौसेनं टाकलेला: मुश्ताक प्रिंटिंग प्रेस, बसस्टँडमागे, ब्रह्मपुरी.

नोटिसा निघून आठवडा उलटला आणि गुरुवारी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. घुग्घुसहून आलेला माणूस, भुवयांपर्यंत कोळशाची धूळ, हेल्मेटच्या जागी तेवढा गोरा. खाणीतली पाळी संपवून तसाच निघालेला. संध्याकाळी तो कॉम्प्युटर क्लास घ्यायचा. त्यानं चप्पल बाहेर काढली, फाइल छातीशी धरली आणि मुजफ्फरला विचारलं, "झाडूसाहेब आहेत का घरी?"

मुजफ्फरच्या हाताला शाई होती. "कोण साहेब?"

"ज्यांची सही आहे ते. मी पोचू. क्लासवाले पोचू सर." त्यानं फाइल उघडली. नोटिशीची छापील प्रत, रेशनकार्डाची झेरॉक्स, वीजबिलाची झेरॉक्स, दोन फोटो आणि वर विनंती अर्ज. "कोसा बंद नका करू म्हणा. माझे एकसष्ट पोरं आहेत त्याच्यावर."

फरहा ओले हात पुसत बाहेर आली. "सर, कोसा नाई बंद होत. तुमची तक्रार बंद होईल तेवढी."

"एक नाई बाई, एकसष्ट आहेत."

"एकसष्ट कशा?"

"पोरांले फॉर्म भरायचा सराव पाह्यजे नं. मी एक अडचण फळ्यावर लिहून दिली. सगळ्याइनं तीच भरली." पोचू सरांचा आवाज जरा चढला. "प्रॅक्टिकलचे मार्क होते त्याच्यावर."

ही नुसती सुरुवात होती. दुपारपर्यंत सहा जण आले, शुक्रवारी अकरा. कोणी तांदूळ आणले, कोणी वांगी, एकानं सरपंचाचा दाखला आणला की सदर इसम कोसा चालवतो व त्याची वर्तणूक चांगली आहे. खुर्शीदाबींना आधी धास्ती वाटली, मग मजा वाटायला लागली. त्या दारातच पाट टाकून बसल्या. "झाडूसाहेब दौऱ्यावर आहेत. आमची सून त्यांचं काम पाह्यते. बसा, चहा घ्या."

"अम्मा, असा कोणी साहेब नाई," फरहा दबक्या आवाजात म्हणाली.

"मले मालूम आहे. पण लोक इतक्या दूर आले. साहेबच नाई म्हटलं तं किती वाईट वाटन!"

मुजफ्फर आतून ओरडला, "घर आहे का तहसील?"

*

शुक्रवारी दुपारी आला डोमा. सूरजागडच्या डोंगराखालचं त्याचं गाव, मुरवेटोला. अंधारातच निघून तो एटापल्लीपर्यंत जीपनं, तिथून गडचिरोलीला, मग आरमोरीवरून इथवर आला होता. त्याच्याकडे फाइल नव्हती, झेरॉक्स नव्हती. गमछ्यात बांधलेली चारोळी होती. ती त्यानं खुर्शीदाबींसमोर ठेवली आणि भिंतीला टेकून बसला.

"माही तक्रार एकशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "गावाचा ठराव मी एटापल्लीले टाइप करतो. मुरवेटोला लिहिलं की तुमचा कोसा त्याले आपल्या मनानं सुधारते. मुरमुरेटोला करते."

फरहाला हसू आलं. तिनं ते पदराआड दाबलं.

"हासा नं बाई, गावही हासलं. पण हातपंपाचा अर्ज मुरमुरेटोल्याच्या नावानं गेला. तालुक्यात त्या नावाचं गाव नाई. दोन वर्षं झाले, अर्ज गाव शोधून राह्यला."

फरहाचं हसू गेलं. दोन वर्षांपूर्वी ही तक्रार तिनं वाचली होती. वाचून मनातल्या मनात 'उद्या' म्हटलं होतं.

"भाऊ, मी आता करते दुरुस्त. इथीच. तुम्ही बसा."

"बसतो. पण एक सांगा. तक्रार आणली मी, अन् बंद करते तुमचा साहेब? ही कोणती रीत?" डोमा रागानं बोलत नव्हता, खरोखर विचारत होता. "आमच्या गावात ज्यानं गोष्ट मांडली, त्यानंच म्हणायचं, सरलं. तो म्हणेपर्यंत बैठक उठत नाई. दुसऱ्या कोणी सरलं म्हटलं तं ती गोष्ट सरत नाई, दबते. दबलेलं बी पाणी पडलं की वर येतेच."

फरहा आत गेली, मोडेम जागा केला. गाठोडं किंचाळलं. गावांची नावं सुधारायची खोड काढायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात आफ्रीन डोमाच्या शेजारी बसून होती. वाघाच्या मिश्यांचा प्रश्न तिनं त्याच्यापुढे टाकला.

"होते ओल्या," डोमा म्हणाला. "पाणी पिऊन झालं की तो मुंडकं झटकते. मी पाह्यलं आहे."

आफ्रीननं विचार केला आणि जाहीर केलं, "सरलं."

दोन तासांनी डोमानं स्वतः बसून पाच वेळा मुरवेटोला लिहिलं. पाचही वेळा मुरवेटोलाच राहिलं. त्यानं कागद छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला.

"मग, सरलं नं भाऊ?" फरहानं आशेनं विचारलं.

"माह्याकडून सरलं. पण गोष्ट गावाची आहे. बैठकीत कागद दाखवतो. गाव म्हणन तं फोन करतो."

तो गेल्यावर फरहानं वही उघडली, झाडूचा हिशेब बघायला. आज पहिल्यांदा तिची नजर क्रमांक तीनवर गेली. खाली झाडूनं इमानेइतबारे लिहिलं होतं: "मुश्ताक, ... अजून त्रास आहे का? चौदा दिवसांत आपले उत्तर न आल्यास..."

तिनं तिथंच झाडू बंद केला.

संध्याकाळी धनराजचा फोन आला. "झाडू काऊन बंद केला बे? जगभर असंच करतात!"

"जगभरच्या लोकाइनं प्रोग्रामात घरचा पत्ता नाई टाकला. तो तू टाकला."

"मग दोनशे चौदा कशा कमी करणार?"

"विचारून."

"कोणाले?"

"ज्यानं मांडली, त्याले. ज्याची त्यानं सरलं म्हणायचं."

"फरहा, पन्नास पाह्यजे. पन्नासहून कमी. महिनाअखेर मंगळवारी आहे."

"मले कॅलेंडर वाचता येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र तिनं कॅलेंडरवर मंगळवारपर्यंतचे दिवस मोजले.

*

निरोप पोचवायचा प्रश्न नीलाबाईंनी सोडवला. नीलाबाई वडशाकडच्या एका नाटक कंपनीच्या मालकीण. एक्केचाळीस नंबर, खलनायकवाली, त्यांची. हंगाम जोरात होता, त्यांची जीप भोंगा लावून गावोगाव फिरत होती. शनिवारभर त्या भोंग्यातून नाटकाच्या जाहिरातीला जोडून घोषणा झाली, "...आणि कोसाविषयी ज्यांची ज्यांची तक्रार असेल, त्या तमाम बंधू-भगिनींनी उद्या रविवारी ब्रह्मपुरीला मुश्ताक प्रेसच्या अंगणात हजर राहावे. प्रवेश मोफत!"

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीत कॉम्प्युटर, आत फरहा, बाहेर खुर्ची टाकून खुर्शीदाबी. फरहा नंबर वाचे, खुर्शीदाबी पुकारा करत.

"एकशे बावन्न! प्रिंटर गरम होते, कोण?"

"मी वो."

"आता तं थंडी आहे. सरलं का?"

"सध्या सरलं. एप्रिलमध्ये परत येतो."

"सतरा! सगळं ठीक आहे म्हणणारा कोण?"

एक म्हातारे गुरुजी उठले. "मी कुशल कळवलं होतं. तिकडून उत्तर आलं नाई म्हणून वाट पाहून राह्यलो."

फरहा खिडकीतून म्हणाली, "गुरुजी, आम्हीपण सगळे ठीक आहोत."

"मग सरलं," गुरुजी म्हणाले आणि समाधानानं खाली बसले.

"एक्केचाळीस! नीलाबाई, तुमचं खलनायकाचं आज करून देते," फरहा म्हणाली.

"राहू दे वो. मागच्या महिन्यात त्याच्यासंगंच लग्न केलं नायिकेनं. आता त्याचं नाव पदरावर नाई तं कुठी राहीन? सरलं!"

अंगण हसलं. पोचू सरांनी एकसष्ट सह्यांचा कागद आणला होता, प्रत्येक सहीपुढे 'सरलं' असं सुवाच्य अक्षरात. एका पोरीनं मात्र 'सरलं नाही' लिहिलं होतं. तिला फोन लावला. ती म्हणाली, मार्क मिळाले नाहीत. सरांनी अंगणात उभं राहून मार्क दिले.

"शहाण्णव! शेळी!"

मंगरू उठला, हडकुळा माणूस, हातात टोपी.

"सापडली का बापा?" खुर्शीदाबींनी हळूच विचारलं.

"नाई. पण तिच्या बहिणीले दोन पिल्लं झाले."

"मग... सरलं म्हणू?"

मंगरूनं टोपी फिरवली. "बहिणीची गोष्ट वेगळी आहे बाई."

"उघडी ठेव," खुर्शीदाबी खिडकीकडे वळून म्हणाल्या, आणि कोणीही हसलं नाही.

दिवे लागेपर्यंत हे चाललं. सरल्या तशा नवीनही झाल्या. चहा पीत बसलेल्या लोकांना बसल्या बसल्या सहा तक्रारी सुचल्या. एक तर चहाचीच होती. सोमवारी फरहा दिवसभर फोनवर होती. पंखा हळू फिरणाऱ्याचा पंखाच जुना निघाला, त्यानं नवा घेतला होता. तो दिलगीर झाला, त्याचं सरलं.

मंगळवारी सकाळी आकडा होता एक्कावन्न.

*

मंगळवारी वीज दोन वाजता जाणार होती. अकरा वाजता धनराजचा फोन. "दोनच पाह्यजे. त्या एटापल्लीवाल्याची बंद कर. तू दुरुस्त केली नं?"

"त्यानं सरलं म्हटलं नाई."

"अन् तीन नंबर? फरहा, मुश्ताकचाचांची तरी बंद कर. ते आता..." तो अडखळला. "तेही काही म्हणाले नसते."

"ते लई काही म्हणाले असते," फरहा म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

आता खरी अडचण पुढे होती. डोमाचा फोन यायचा तर इंटरनेट बंद पाहिजे. तक्रार बंद करायची तर इंटरनेट चालू पाहिजे. तिनं मोडेम झोपवला आणि फोनसमोर बसली. शेजारी आफ्रीन, मागं खुर्शीदाबी. साडेअकरा झाले. फोन वाजला. फरहानं झडप घातली. खुर्शीदाबींची बहीण होती.

खुर्शीदाबींनी रिसीव्हर घेतला. "आपा, आज नाई. साहेबाचं काम आहे." आणि ठेवून दिला. दोघी बहिणींचं एका मिनिटात आटोपलेलं बोलणं त्या घरानं पहिल्यांदा ऐकलं.

बाराला पाच कमी असताना परत वाजला. खरखर, मागं जीपचा हॉर्न, आणि डोमाचा आवाज, "बाई? रात्री बैठक झाली. कागद सगळ्याइनं पाह्यला. गाव म्हणते, सरलं."

"भाऊ, उपकार झाले! अन् हातपंप?"

"नवा अर्ज टाकला, खऱ्या नावानं. पंपाची तक्रार तुमच्याकडे नाई बाई, तुम्ही घोर नका करू."

पन्नास.

उरली तीन. फरहानं ती उघडली. सहा वर्षांपूर्वीचं, एका बोटानं टाइप केलेलं:

"पडद्यावरची अक्षरं फार बारीक. खिळे कसे, बोटाला कळायचे. हे बिनचष्म्याचं वाचता येत नाही. आणि चष्मा नेहमी खुर्शीदाकडे असतो. — मुश्ताक."

घरात दोघांमध्ये चष्मा एकच होता. नंबर एकच, मग दोन कशाला, असं मुश्ताकभाई म्हणत. सकाळी पेपर ते वाचत तेव्हा त्या तांदूळ निवडायच्या थांबत. त्या निवडायला बसल्या की बातमी अर्धी राही. फरहानं तेव्हा म्हटलं होतं, "चाचा, उद्या करून देते." मग लग्न झालं, मग आफ्रीन झाली, मग रोज उद्या होतं, आणि एका सकाळी चष्मा नुसता खुर्शीदाबींकडेच राहिला.

बारा ते दोन. फरहानं पोर मांडीवर घेतली आणि कामाला लागली. आफ्रीनला त्या दिवशी झोप आली नाही, पण ती बोललीही नाही. आईच्या हातांकडे आणि पडद्यावरच्या दादाच्या, म्हणजे आपल्या आजोबांच्या, तक्रारीकडे बघत राहिली. काम फार मोठं नव्हतं, हेच जास्त लागत होतं. पावणेदोनला तिनं वर एक चौकोन बसवला, त्यावर लिहिलं 'मोठं अक्षर', आणि हाक मारली, "अम्मा, जरा या. चष्मा काढून या."

खुर्शीदाबी आल्या. फरहानं चौकोन दाबला. मुश्ताकभाईंची तक्रार पडद्यावर फुलत गेली, एकेक अक्षर बोराएवढं. खुर्शीदाबींनी ओठ हलवत वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज चढला.

"झूठ! चष्मा यांच्याच डोक्यावर असायचा अन् घरभर मले शोधायले लावायचे!"

मग त्या तशाच उभ्या राहिल्या. ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, परत वाचलं, अगदी पहिल्यापासून.

"दिसते बेटा. साफ दिसते."

"पण अम्मा, ही अब्बांची आहे. सरलं त्यांनी म्हणायचं."

"डोळे दोघांचे, चष्मा एक. अर्धी तक्रार माही आहे का नाई?" खुर्शीदाबींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लिही. सरलं."

फरहानं लिहिलं. बटण दाबलं. वर आकडा बदलला: एकोणपन्नास. त्यातली एक शेळी. तिनं धनराजला एका ओळीचं पत्र धाडलं, "पाटी राहू दे." ते गेलं, दुपट्यातला मोडेम एकदा कण्हला, आणि दोन वाजले. पडदा काळा झाला, पंखा थांबत थांबत थांबला. खुर्शीदाबी बहिणीला फोन करायला उठल्या.

त्या काळ्या पडद्यात फरहाला आपला चेहरा दिसत होता, आणि त्याच्याखाली आफ्रीनचा.

"अम्मी," आफ्रीन म्हणाली, "सगळ्यांले तू विचारलं, झालं का म्हणून. दादाचंबी झालं, हे दादाले कोण सांगन?"